नाशिकच्या बाजार समितीतील आमच्या आडतीच्या हिशोबपट्ट्यांची फाइल वीज गेल्यावर रिकामी होते. पायथनमध्ये ती सुरक्षितपणे कशी लिहावी?

मूळ फाइलवर थेट न लिहिता त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करून तीत संपूर्ण मजकूर लिहावा, फ्लश (पायथनने स्मृतीत रोखलेला मजकूर पुढे ढकलणे) आणि त्यानंतर ओएस.एफसिंक (तो प्रत्यक्ष डिस्कवर उतरवणे) करून ती बंद करावी आणि मगच ओएस.रिप्लेसने तिला मूळ नाव द्यावे. आपली फाइल शून्य बाइटची होते, कारण ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो आणि नवा डिस्कवर पोहोचण्याआधी वीज गेली, तर कांद्याचे वजन, तोलाई, हमाली यांपैकी काहीच उरत नाही. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रामला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते, नाही तर पूर्ण नवी. ओएस.रिप्लेस पायथन ३.३ पासून उपलब्ध आहे, ओएस.रिनेम मात्र विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असल्यास त्रुटी देते. एफसिंक वेळखाऊ वाटला तरी तो गाळू नये, आणि तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवू नये, कारण तेथून नाव बदलण्याची क्रियाच फसते. मात्र दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होत असतील, तर नंतर लिहिणारा आधीच्याची नोंद पुसून टाकेल. अशा वेळी एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेसही नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये न ठेवता सर्व्हरवर चालणारा डेटाबेस वापरावा.