आधी सावलीची कड बघ

प्रिय दोस्ता,

तुझी रेखाटनं आणि फोटो, दोन्ही निवांत बसून पाहिले. हात चांगला आहे, घाई मात्र फार. चित्रात तू आधी बाह्यरेषा पक्की करतोस आणि मग सावली भरत बसतोस. फोटोत वस्तू दिसली की बटण दाबतोस. दोन्हीकडे उजेड बघायचा राहून जातो.

फोटो काढता येतो तर रेखाटन कशाला, असं तू विचारलंस. 1833 मध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज संशोधक इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी कॅमेरा ल्युसिडा (समोरचं दृश्य कागदावर असल्यासारखं दाखवणारं, गिरवायला मदत करणारं लोलकाचं साधन) घेऊन चित्रं काढायला बसला होता. काही केल्या जमेना. त्या वैतागातूनच त्याच्या मनात आलं, की समोरच्या दृश्याने आपलं आपणच कागदावर उमटावं. फोटोग्राफीची एक मोठी वाट तिथून निघाली. मला वाटतं, त्याची नजर आधी चित्रासाठी झगडली होती म्हणूनच त्याला काय हवंय ते कळलं.

म्हणून काही दिवस कॅमेरा बाजूला ठेव. खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर एक अंडं ठेव, खोलीतले दिवे घालव आणि डोळे किलकिले करून बघ. बारीकसारीक तपशील पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. आधी ते आकार मांड. सर्वांत गडद पट्टा अंड्याच्या पार कडेला नसतो. उजेड संपतो तिथे, थोडा अलीकडे असतो. त्याच्या पलीकडे कागदावरून उसळलेला उजेड सावलीत शिरलेला दिसेल. तो भारी मोहात पाडतो, आणि नवशिके तो हमखास जास्त पांढरा करतात. कितीही उजळ भासला तरी तो सावलीतलाच आहे, उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेव. मग कागदावर पडलेली सावली बघ. अंडं टेकतं तिथे ती काळीभोर आणि कड धारदार. लांब जाईल तशी कड मऊ होत जाते, कारण खिडकी मोठी आहे. पडदा ओढून बारीक फट ठेव, कड लगेच आवळेल. हे सगळं कोळशाने काढ, पेन्सिलीने तू पुन्हा रेषेतच अडकशील.

आता त्याच जागी कॅमेरा लाव. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. म्हणून फ्रेमभर पांढरा कागद असला की तो करडा येतो आणि काळं कापड धुरकट. पांढऱ्याला एक-दीड स्टॉप जास्त दे, काळ्याला साधारण तेवढाच कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, उजेडाच्या भागावर बसव. डिजिटलमध्ये सावलीतून थोडंफार वर काढता येतं, पण पूर्ण जळालेला पांढरा भाग गेला तो गेलाच.

दिव्याशीही खेळ. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. दिवा जवळ असेल तर एका गालावरून दुसऱ्या गालापर्यंत जातानाच उजेड झपाट्याने उतरतो. लांब नेलास की दोन्ही गालांतला फरक घटतो.

पुढच्या वेळी एकाच अंड्याचं चित्र आणि फोटो शेजारी ठेवून पाठव. चित्रात कुठे उगाच काळं झालं आणि फोटोत कुठे तपशील हरवला, ते आधी तूच खाली लिही. मग मी बोलतो.