आधी चुकांची वही उघड

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना: ‘मॉडेल मेंदूशी जुळतंय, पण त्यातून मला काय कळलं ते सांगता येत नाही.’ हे वाक्य खोडू नकोस. तुझ्या वयात मलाही हेच वाटलं होतं आणि मी ते गिळून टाकलं. पुढची सहा वर्षं त्यात गेली.

तुझी पद्धत अशी: मोठ्या भाषा-मॉडेलमधून शब्दांचे व्हेक्टर, म्हणजे अर्थासाठीच्या आकड्यांच्या रांगा, घ्यायचे, त्यांवरून एफएमआरआयमधल्या, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमधल्या, सिग्नलचा अंदाज बांधायचा, जुळणीचा आकडा चढला की समाधान मानायचं. आकड्याशी माझं वैर नाही. 2008 साली टॉम मिशेल आणि सहकाऱ्यांनी 9 जणांवर, 60 नामं घेऊन असाच अंदाज बांधला होता. पण त्यांनी प्रत्येक नामाचा अर्थ 25 क्रियापदांशी असलेल्या त्याच्या संगतीतून मांडला: खाणं, पाहणं, स्पर्श करणं. म्हणजे अर्थ हा इंद्रियांच्या आणि हातापायांच्या अनुभवात मुरलेला असतो, हा दावा उघड होता आणि तो खोटाही ठरू शकला असता. तुझ्या शेकडो आकड्यांच्या व्हेक्टरमध्ये दावा कोणता? सांगता येत नाही म्हणून तुला चैन पडत नाही. पडूच नये.

माझं सांगणं एकच आहे. मॉडेल कुठे चुकतं ते आधी बघ. माणूस जिथे चुकतो तिथेच, आणि तसंच चुकतं का, ते बघ.

सिमँटिक डिमेन्शिया म्हणजे शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार. त्याचा रुग्ण समोर ठेवलेल्या बदकाचं चित्र बऱ्यापैकी उतरवतो. तेच चित्र समोरून उचललं आणि काही सेकंदांनी आठवून काढायला सांगितलं, की बदकाला चार पाय फुटतात. उंटाची मदार गायब होते. का? चार पाय कितीतरी प्राण्यांना असतात, मदार उंटाची एकट्याची. ज्या गोष्टी अनेकांत सारख्या असतात त्या जाळ्यात एकमेकींना धरून राहतात. एकट्याची खूण एका धाग्यावर लोंबत असते, ती आधी तुटते. डेव्हिड रुमेलहार्टच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे संगणकावर शिकणाऱ्या जोडण्यांच्या जाळ्यात, अवघ्या 8 गोष्टी होत्या. शिकताना ते आधी वनस्पती आणि प्राणी वेगळे करतं, मग पक्षी आणि मासा, अगदी शेवटी कॅनरी आणि रॉबिन हे दोन पक्षी. शिकलेल्या जाळ्यात थोडा गोंधळ मिसळला की ढासळणं उलट्या क्रमाने सुरू होतं. मूल शिकतं तो क्रम आणि रुग्ण विसरतो तो क्रम एकाच चिमुकल्या जाळ्यात भेटतात! बरोबर उत्तरांची टक्केवारी हे तुला कधीच दाखवणार नाही. चार पायांचं बदक दाखवतं.

मार्था फारा आणि जेम्स मॅक्लेलंड यांचं 1991चं मॉडेल तर मी आजही दरवर्षी नव्याने लिहून चालवते. अर्थाची 80 युनिटं, म्हणजे जाळ्यातल्या गाठी: 60 दिसण्याची, 20 उपयोगाची आणि कार्याची. दिसण्याची युनिटं निकामी केली तर सजीवांचं ज्ञान जास्त जाणार, हे कळण्यासारखं आहे. पण सजीवांची कार्याबद्दलची माहितीही घसरली, त्या युनिटांना हात न लावता. सजीवांच्या अर्थाचा बहुतेक भार दिसण्यावर असतो. तो आधार गेल्यावर उरलेल्या मोजक्या युनिटांना स्वतःच्या बळावर उभं राहता येईना. मॉडेल मोडलं म्हणून हे कळलं. नुसतं जुळवत बसले असते तर कळलं नसतं.

आणि मी काय केलं? रुग्णांच्या चित्रं ओळखण्याच्या चाचणीवर मॉडेल बसवत राहिले. जुळणी कमी पडली की एक पॅरामीटर वाढवायचा. रुग्णांची प्रत्यक्ष उत्तरं एका वहीत हाताने लिहिलेली होती, माझ्याच कपाटात. मला फक्त बरोबर-चूक हा रकाना हवा होता. सहा वर्षांनी वही उघडली. पहिल्याच पानावर झेब्र्याला ‘घोडा’ म्हटलेलं. माझं मॉडेल झेब्र्याला कधी घोडा म्हणायचं, कधी कात्री. टक्केवारी दोघांची सारखीच. त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही.

त्यानंतर लहान मॉडेलांना चिकटून बसले, असं लोक म्हणतात. बसलेच. एका समितीने माझा प्रस्ताव जुनाट म्हणून परत केला, तेव्हाही बसले. लहान मॉडेलची प्रत्येक जोडणी तोडून बघता येते आणि का तुटलं ते सांगता येतं. यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही. मोठं मॉडेल घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. घे, पण तेही मोड. ‘आधी कुठलं मॉडेल निवडू?’ हा तुझा प्रश्न मला चिडवतो, कारण ‘कुठली चूक समजावून सांगायची आहे?’ हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

एक गोष्ट मात्र उद्याच तपास. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, पुढच्या टोकाजवळ कवटीत हवेच्या पोकळ्या आहेत, त्यामुळे एफएमआरआयचा सिग्नल तिथे विस्कटतो, कधी नाहीसाच होतो. सिमँटिक डिमेन्शिया नेमका तोच भाग पोखरतो. कॅरलिन पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या हब-आणि-स्पोक (मध्ये तुंबा, भोवती आरे) मांडणीत वेगवेगळ्या इंद्रियांकडून आलेली माहिती तिथेच एकत्र गुंफली जाते. तुझ्या स्कॅनमध्ये ती जागा रिकामी असेल, तर तुझा सुंदर आकडा गाभा सोडून उरलेल्या मेंदूचा आहे. तुझ्या पत्रात याचा उल्लेखही नाही, याचं मला वाईट वाटलं.

रागावले असेन तर मनाला लावून घेऊ नकोस. ज्याला आकडा चढल्यावरही चैन पडत नाही, अशा माणसाचं पत्र मला फार वर्षांनी आलं.

पुढच्या पत्रात आलेख नको. तुझं मॉडेल ज्या वीस शब्दांवर सर्वांत जास्त चुकलं, त्यांची यादी हाताने लिहून पाठव. प्रत्येकापुढे तुला वाटतं ते कारण लिही. कारण सुचलं नाही तर जागा मोकळी ठेव. मी माझी जुनी वही शेजारी उघडून वाट बघते.