डबा घेण्याआधी
ठाण्यात पार्लर सुरू करतेयस, तर ब्रँडच्या नावाआधी वॅक्सच्या डब्यावरचे घटक वाच. साखर-मधाचं वॅक्स स्वस्त, पाण्याने निघतं. पण आपल्या पावसाळी दमट हवेत घामट त्वचेवर ते नीट धरत नाही, चिकट थर मागे राहतो. रिका ब्रँडसारखं लिपोसोल्युबल (तेलात विरघळणारं) वॅक्स पातळ थरात बसतं, मात्र ते तेलानेच पुसायचं. अंडरआर्म्स आणि अप्परलिपला हार्ड वॅक्सच (पट्टीशिवाय, घट्ट झालेला थरच ओढून काढायचं) घे: 2-3 मिलिमीटर थर, कडा जाडसर. ओढताना तुकडे पडले, तर थर पातळ झालाय किंवा एसीत फार गार पडलाय. नवा ब्रँड आधी छोट्या डब्यातच घे; क्लायंटची पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या भागावर लावून बघणं) 24 तास आधी कर. आणि रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांवरच्या क्रीममधला घटक) लावणारीच्या चेहऱ्याला, कितीही आग्रह झाला तरी, वॅक्स लावू नकोस, साल निघते.