वडिलांची तब्येत कशी आहे?

एप्रिलमधल्या एका दुपारी संदीपच्या सुपरवायझरांनी त्याला कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं, "वडिलांची तब्येत कशी आहे आता? माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, दाखवू या का?" संदीपच्या घशाखाली घास उतरेना. वडील ठणठणीत होते. गावाकडे त्यांचा ऊस, पहाटे पाचला विहिरीवरची मोटार चालू करायला ते स्वतः जातात. आजार संदीपला होता.

(नाव बदललं आहे. दोन-तीन जणांचे तपशीलही मी एकमेकांत मिसळले आहेत.)

वय 31, चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. बायको, दोन वर्षांची मुलगी, भोसरीत भाड्याचं घर. सव्विसाव्या वर्षी, आधीच्या नोकरीत असताना, त्याला बायपोलरचा, म्हणजे मूड कधी अति चढण्याच्या तर कधी अति उतरण्याच्या मानसिक आजाराचा, पहिला झटका आला. आठ दिवसांत तीन जुन्या मोटरसायकली विकत घेतल्या, रात्री दोनला प्लँट हेडला फोन करून उत्पादन दुप्पट करण्याची योजना ऐकवली. मग दवाखान्यात भरती. कंपनीत घरच्यांनी 'टायफॉइड' कळवला. कामावर परतल्यावर कोणी विचारलं नाही, पण टायफॉइडचा माणूस प्लँट हेडला रात्री दोनला फोन का करेल, हे कोडं सगळ्यांच्या नजरेत होतं. सहा महिन्यांत त्यानं ती नोकरी सोडली.

नव्या कंपनीत सव्वा वर्ष बरं चाललं होतं. मूड स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी चालू, झोप वेळेवर. अडचण एकच, तिसरी पाळी. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रभर जागायचं. बायपोलरमध्ये झोप मोडणं म्हणजे वाळलेल्या गवताशेजारी काडी ओढणं. बऱ्याच जणांचा मूड चढायची सुरुवात दोन-तीन रात्रींच्या जागरणानंच होते. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी रात्रपाळी बंद करायला स्पष्ट सांगितलं होतं. संदीपनं काय करावं? एका मित्राशी पाळी बदलून घ्यायला लागला, आणि सुपरवायझरनं कारण विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "वडील आजारी असतात, रात्री घरी कोणीतरी लागतं." आता मित्र नोकरी सोडून रांजणगावला चालला होता. पाळी कोणाशी बदलणार?

"मॅडम, कंपनीत सांगून टाकू का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला फार जण विचारतात. लग्नाआधी सांगायचं का, हा पहिला. त्यानंतर हाच. घरात दोन पक्ष असतातच. संदीपची आई म्हणत होती, "तोंडातून अवाक्षर काढू नकोस, पोटावर पाय येईल." बायको म्हणत होती, खरं सांगा आणि मोकळे व्हा. दोघी त्याच्या काळजीपोटीच बोलत होत्या आणि दोघींचंही अर्धं बरोबर होतं.

इथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शिक्षिकेला मी मोठ्या उत्साहानं 'खरं बोला, मन हलकं होईल' असं सांगितलं होतं. तिनं मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं: निदान, गोळ्यांची नावं, मृत्यूचे विचार आले होते तेही. आठवड्यात स्टाफरूमला कळलं. नोकरी कोणी काढून घेतली नाही. फक्त सहलीला वर्गाबरोबर पाठवणं बंद झालं, आणि मीटिंगमध्ये तिनं जरा आवाज चढवला की शेजारची बाई हळूच विचारायची, "गोळी घेतली ना?" पुढच्या वर्षी तिनंच राजीनामा दिला. मन हलकं करायला माझी खोली होती. मुख्याध्यापकांची केबिन त्यासाठी नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यामुळे संदीपला मी उलट प्रश्न विचारला, "साहेबांकडून तुम्हाला नक्की काय हवंय?"

"त्यांनी समजून घ्यावं."

"समजून घेतलेलं पाळीच्या तक्त्यावर कुठे लिहितात?"

तो हसला, पहिल्यांदाच. मग बसून आम्ही काढलं. तिसरी पाळी नको. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला एक सकाळ उशिरा यायची मुभा हवी, कारण लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, अधूनमधून थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्याही. आणि लाइनवर जवळ पाण्याची बाटली. शेवटची मागणी ऐकायला क्षुल्लक, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात कारखान्यात मशिनींपाशी घाम निथळतो, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियमचं प्रमाण वाढतं, हात थरथरायला लागतात, पुढे विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. तीन गोष्टी. यांतल्या एकीलाही आजाराचं नाव सांगायची गरज नव्हती.

हे त्याला पटलं, पण एक खिळा राहिला. "नाव नाही सांगितलं तर ते पुन्हा खोटंच झालं ना?" नाही. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. मूळव्याध आहे म्हणून बसायला गादी मागणारा माणूस सगळ्या खात्याला रिपोर्ट दाखवत फिरत नाही, आणि त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मात्र कागदावर थेट प्रश्न असेल, 'पूर्वी मानसिक आजार झाला आहे का', तर तिथे 'नाही' लिहून सही करू नये असं माझं ठाम मत आहे. उद्या ते बाहेर आलं तर आजाराची बाजू मागे पडते आणि खोटी सही पुढे येते. शिवाय काही कामं अशी असतात की तिथे गप्प बसणं परवडत नाही. क्रेन, प्रेस मशीन, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर ते सुरक्षेच्या दृष्टीनं कंपनीच्या डॉक्टरांना सांगावंच लागतं. संदीपचं काम गेज घेऊन मोजमापाचं होतं, त्यामुळे त्याला हा धोका नव्हता.

कंपनीचा डॉक्टर. या माणसाचा विचार कोणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. संदीपच्या कारखान्यात दवाखाना होता, आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर यायचे, वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी. मी विचारलं, अंग दुखलं तर काय करता? "ओएचसीतून गोळी घेतो." ओएचसी म्हणजे हाच कंपनीचा दवाखाना. कोणती गोळी? त्याला नाव माहीत नव्हतं. पुढच्या वेळी रिकामं पाकीट घेऊन आला. आयब्युप्रोफेन. लिथियम घेणाऱ्यानं ही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नसते, तिनंही रक्तातलं लिथियम वाढतं. म्हणजे ज्या एका माणसाला खरं सांगणं तब्येतीसाठीच गरजेचं होतं, त्याच्याचपासून संदीप सव्वा वर्ष लपवत होता, आणि वडिलांची गोष्ट मात्र सुपरवायझरला रंगवून सांगत होता.

डॉक्टरांना सांगण्यात आणखी एक फरक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळायचं बंधन आहे. ते कुलूप डॉक्टरच्या तोंडाला आहे, सुपरवायझरच्या नाही. तरी मी त्याला सांगितलं, आधी विचारा: "मी सांगेन ते माझ्या फाइलमध्ये कुठे जाईल? एचआरला काय दिसेल?" नीट उत्तर मिळालं तरच पुढे बोला.

मग सर्टिफिकेट. 'मानसोपचारतज्ज्ञ' असं मोठ्या अक्षरात छापलेल्या लेटरहेडवर 'रात्रपाळी देऊ नये' एवढंच लिहिलेलं असलं तरी बाकीचं लेटरहेड सांगून टाकतं. संदीपचे डॉक्टर एका मोठ्या रुग्णालयातही बसायचे. त्यांनी रुग्णालयाच्या कागदावर लिहून दिलं, 'हे माझ्या नियमित उपचाराखाली असून त्यांची प्रकृती स्थिर आहे. वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी टाळावी.' निदान नाही. शब्द न् शब्द खरा. मेडिक्लेमचंही असंच. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यायला लावलं आहे, पण ग्रुप पॉलिसीचे कागद काही ठिकाणी एचआरच्या टेबलावरून जातात. क्लेम टाकण्याआधी कागदाचा रस्ता विचारून घ्यावा.

घाई करू नका, असंही मी सांगितलं. माझा एक साधा नियम आहे: सलग दोन आठवडे झोप नीट असल्याशिवाय नोकरीतलं असलं बोलणं करायचं नाही. मूड चढलेला असतो तेव्हा सगळ्या जगाला सांगावंसं वाटतं. उतरलेला असतो तेव्हा सरळ राजीनामा लिहावासा वाटतो. दोन्ही वेळा हात आजाराचा असतो.

सुपरवायझरशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्या वेळी संदीप पाच मिनिटं बोलला, त्यात लहानपणापासूनचं सगळं आलं. तिसऱ्या वेळी चार वाक्यं उरली: "साहेब, वडील आजारी आहेत असं मी सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. आजार माझाच आहे, झोप मोडली की वाढतो. औषध चालू आहे, तब्येत स्थिर आहे, डॉक्टरांचं पत्र दवाखान्यात दिलंय. तिसरी पाळी सोडून कुठलीही द्या, कामात कसूर होणार नाही." आणि साहेबांनी 'म्हणजे नक्की काय आहे?' असं विचारलंच तर? "ते डॉक्टरांना सांगितलंय साहेब, त्यांच्यापाशीच राहू द्या." हे वाक्य त्यानं पंधरा वेळा तरी म्हटलं असेल. पहिल्या दहा वेळा ते माफी मागितल्यासारखं यायचं.

मे महिन्यात तो कंपनीच्या डॉक्टरांना भेटला. त्यांना मात्र आजाराचं नाव, गोळीचा डोस, मागचा रिपोर्ट, सगळं सांगितलं. त्यांनी कार्डावर 'वेदनाशामक देण्यापूर्वी विचारणे' अशी नोंद केली आणि एचआरला फक्त शेरा पाठवला: रात्रपाळीसाठी अयोग्य, सहा महिन्यांनी फेरतपासणी. सुपरवायझरनं चार वाक्यं ऐकून घेतली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे वडील बरे आहेत?" संदीप म्हणाला, हो. "मग मला दोन महिने काळजीत कशाला ठेवलंस?" ते रागावले होते, पण खोट्यावर. आजाराबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही नाही.

फुकट काही झालं नाही. जूनमध्ये लाइन लीडरची जागा निघाली, ती त्याच्याहून नव्या मुलाला मिळाली. कारण दिलं, लीडरला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. रात्रपाळीचा भत्ताही गेला. संदीप माझ्यासमोर बसून म्हणाला, "गप्प बसलो असतो तर लीडर झालो असतो." मी म्हटलं, कदाचित झाला असता, आणि रात्रपाळ्या करून पुन्हा दवाखान्यात गेला असता तर? त्यानं मान हलवली, पण त्याला ते लागलं होतं. माझ्या उत्तरानं ते जाणार नव्हतं, मीही जास्त रेटलं नाही.

हा भेदभाव झाला का, हे त्यानं विचारलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीनंही समान संधीचं धोरण जाहीर करून त्यासाठी संपर्क अधिकारी नेमायचा असतो. त्याच्या कंपनीचं धोरण होतं, इंग्रजीत, कोणी न वाचलेलं. पण कायद्याचं खरं वजन सरकारी नोकरीत पडतं: सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही. सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात 17 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं मानसिक आजाराच्या माणसाच्या बाजूनं निकाल दिला. पगार कायम ठेवून दुसरं काम देता येईल, ते देताना त्याच्या हाती शस्त्र येणार नाही हे पाहता येईल, असंही म्हटलं. खाजगीत संरक्षण तितकं घट्ट नाही. कायद्याचे पुढचे लाभ हवे असतील तर सरकारी रुग्णालयातून किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. नियमित काम करणाऱ्या, आजार आटोक्यात असलेल्या संदीपला ते मिळेल असं त्याच्या डॉक्टरांना वाटत नव्हतं, आणि त्यालाही ते नको होतं. भांडायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. त्यानं एचआरला एक मेल लिहिला: पहिल्या-दुसऱ्या पाळीपुरतं लीडरचं काम द्याल का? 'पाहू' असं उत्तर आलं आहे. त्याला आता चार महिने झाले.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा मोबाइलवर फोटो घेऊन आला होता. खंडेनवमीला त्यांच्याकडे मशिनींची पूजा असते, घरच्यांना आत येऊ देतात. यंदा त्यानं वडिलांनाही आणलं होतं. फोटोत पांढरी टोपी, धोतर, झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनशेजारी ताठ उभे. सुपरवायझर येऊन पाया पडले, संदीपकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाबा, तब्येत आता झकास दिसतेय."

म्हातारा चक्रावला. "मला काय धाड भरलीय?"