पेशीचं खाणं आणि पेशीचं घडणं

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम नमस्कार.

पीएचडीला टी-पेशींचं (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचं) चयापचय घेऊ का, असं विचारलंस. जरूर घे. मात्र ‘पेशीला ऊर्जा कुठून मिळते’ एवढाच हा विषय आहे असं धरून चाललीस, तर वर्षभरात कंटाळशील.

वाचनाची सुरुवात एडीए (ॲडेनोसिन डीअमिनेज) या एन्झाइमपासून कर. १९७२ साली सिएटलच्या एलॉइज गिब्लेट यांना, प्रतिकारशक्ती ढासळलेल्या दोन मुलींच्या रक्तात ते सापडलंच नाही. तसं एडीए शरीरभर असतं आणि प्युरिनची, म्हणजे डीएनएच्या घटकांपैकी एका गटाची, विल्हेवाट लावतं. ते नसलं की डीऑक्सिॲडेनोसिन हा त्याच गटातला रेणू तुंबतं, त्याचं डीएटीपी होतं, आणि डीएनएचा कच्चा माल बनवणारं एन्झाइम ठप्प होतं. थायमसमध्ये, म्हणजे टी-पेशी घडवणाऱ्या छातीतल्या ग्रंथीत, पेशी सतत मरत असतात आणि त्यांचं डीएनए मोडतं, त्यामुळे तिथे हे विष मुबलक. शिवाय त्याचं डीएटीपी करणारी एन्झाइम्सही तिथे जोरात. म्हणून टी-पेशी घडण्याआधीच मरतात. बिघाड साऱ्या शरीरात, पण पहिला घाव थायमसवर! माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे.

चयापचयच पेशीचं भवितव्य ठरवतं, हे प्रौढ टी-पेशीतही दिसेल. उद्दीपित पेशींच्या फ्लास्कमधलं लालसर मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) दोन-तीन दिवसांत आम्ल होऊन पिवळं पडतं, कारण ऑक्सिजन असूनही त्या ग्लुकोजचं लॅक्टेट करत सुटतात. एका ग्लुकोजमागे जेमतेम दोन एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची दोन नाणी. उधळपट्टीच म्हण ना! पण त्या वाटेवरचे मधले रेणू नव्या पेशी बांधायला लागतात. उंदरांच्या पेशींत हीच वाट अडवली, तर दाह वाढवणाऱ्या टीएच१७ व्हायला निघालेल्या पेशी दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींकडे वळतात.

आता सांभाळायचं ते सांगतो. स्मृती-पेशी (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी) मेदाम्लं जाळून तगतात, हे तू शंभरदा वाचशील. त्याचा बराचसा आधार मेदाम्लं जाळणं रोखणाऱ्या इटोमॉक्सिर या औषधावर होता, आणि तेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत वापरलेलं. २०१८ मध्ये टी-पेशींतून, ज्याचं प्रथिन हे औषध अडवतं ते सीपीटी१ए जनुकच काढून पाहिलं, तरी स्मृती-पेशी व्यवस्थित तयार झाल्या. तेव्हा औषधाचा परिणाम दिसला की जनुक काढूनही बघ.

आणि तुझी मीडियमची बाटली. आरपीएमआय १६४० या मीडियममध्ये लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज असतं. आपल्या रिपोर्टच्या भाषेत ‘साखर २००’. उपाशीपोटी ९० असणाऱ्या माणसाची पेशी त्यात टाकायची आणि तिला काय आवडतं ते विचारायचं! पेशींचं चयापचय मोजणाऱ्या सीहॉर्स यंत्रावरचे आलेख देखणे येतात, म्हणून हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही.

पहिल्या प्रयोगाचा आराखडा पाठवशील तेव्हा मीडियमचं नाव, ग्लुकोजचं प्रमाण, सीरमची टक्केवारी आणि मोजणीची वेळ अगदी वर लिही. उरलेलं मी त्यानंतर वाचेन.

तुझा,
सर