समोरचा पिसाळलाय की समोर माणूसच नाहीये?

ह्या वेळी पोकरवर चार प्रश्न घेतलेत. मी स्वतः न्यू जर्सीत राहतो, इथे २०१३ च्या नोव्हेंबरपासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे नि २१ वर्षं पूर्ण झालेल्यालाच खेळता येतं, त्यामुळे पैशांच्या टेबलबद्दल जे लिहितोय ते इथलं समजा. भारताचं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

प्रश्न: मी एडिसनला असतो, वीकेंडला पंचवीस-पन्नास सेंटच्या (डाव सुरू करताना दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम) सहा जणांच्या टेबलवर बसतो. एक जण जवळपास प्रत्येक डावात रेझ मारतो, म्हणजे रक्कम वाढवतो, मधेच ऑल-इन जातो, सगळ्या चिप्स एकदम लावतो. माझे पन्नास डॉलरचे दोन बाय-इन (टेबलवर बसताना घेतलेले पैसे) गेले त्याच्यापायी. हा खरंच वेडा आहे का मला कळत नाही असा कोणी भारी प्लेयर आहे?

उत्तर: आधी मोजा, मग नाव ठेवा. सहा जणांच्या टेबलवर नीट खेळणारा माणूस साधारण १०० पैकी २२ ते २५ डावांत स्वतःहून पैसे टाकतो नि त्यातले बरेचसे रेझ करूनच, पहिल्या आकड्याला व्हीपीआयपी म्हणतात नि रेझच्या आकड्याला पीएफआर. जो ५०-६० डावांत शिरतो नि ४० मध्ये रेझ मारतो तो मेनियाक, म्हणजे बेफाम पैसे लावणारा, ह्यात काही शंका नाही. पण हे वीस डाव बघून ठरवायचं नाही. कुठलीही जोडी हातात यायचं प्रमाण १७ डावांत एक आहे, एक्क्यांची जोडी २२१ मध्ये एक, तरी कोणाला दहा मिनिटांत दोनदा एक्के येतात, होतं असं. शंभर-दीडशे डाव बघा नि मुख्य म्हणजे पानं उघडली जातात तेव्हा बघा, स्वतः डावात नसलात तरी.

माझ्याच टेबलवरचा एक डाव सांगतो. असाच एक गडी, पहिल्या जागेवरून दोन डॉलर रेझ. माझ्याकडे एक्का-राणी, मी साडेसहा केले, त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. फ्लॉपवर, म्हणजे मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, राणी, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, पावणेचौदा डॉलर नि ह्याने सरळ चौदा लावले. मी कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, नव्वी, नि हा उरलेले साडेएकोणतीस घेऊन ऑल-इन. हाताला घाम फुटला होता माझ्या, पण हिशोब केला की एवढ्या पॉटला दहातले तीन वेळा जिंकलो तरी कॉल बरोबर ठरतो, आणि ह्या माणसाने मागच्या तासाभरात दोनदा हातात काही नसताना असंच केलं होतं. कॉल केला. त्याच्याकडे गुलाम नि पंजी, जोडी नाही, काही नाही. रिव्हरला, शेवटच्या पानाला, चौकी आली नि पॉट माझा.

भारी प्लेयर असता तर एवढं लांबवलं नसतं. तो पण खूप डावांत शिरतो, रेझ मारतो, पण तुम्ही उलटा रेझ केलात की बऱ्याचदा पाय मागे घेतो, पानं टाकतो, टर्नला थांबतो. मेनियाकला ब्रेकच नसतो. त्यामुळे त्याच्यासमोर ब्लफ मारायचं (पान नसताना जोर दाखवायचं) पूर्ण बंद करा, तो पानं टाकणारच नाहीये, नि शक्य असेल तर त्याच्या डाव्या हाताची खुर्ची धरा म्हणजे आधी तो बोलेल, मग तुम्ही. आणि चांगलं पान असून सुद्धा हराल मधेमधे, चढउतार मोठे असतात अशा टेबलवर, तेवढे पैसे बाजूला नसतील तर उठा.

एक अजून. तो कधीपासून असा खेळतोय ते पण बघा. अकरा वाजेपर्यंत नीट खेळणारा माणूस एक मोठा पॉट हरला नि मग पिसाळला, तर तो मेनियाक नाही, टिल्टवर गेलाय, नि दुसऱ्या दिवशी परत शहाण्यासारखा खेळेल. कालच्या आठवणीवर आज कॉल करू नका.

प्रश्न: मी लंडनजवळ स्लाउला राहते. एक अकाउंट मला कायम दिसतं, रात्री पण असतं, सकाळी ऑफिसला जायच्या आधी पण. चॅटमध्ये एक अक्षर नाही, उत्तर नेहमी दोन सेकंदांत, बेट नेहमी पॉटच्या दोन-तृतीयांश. बॉट असेल का, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्रॅम?

उत्तर: असू शकतो, पण तुम्ही दिलेल्या खुणांतली एकही एकटी पुरत नाही. मी एकदा एका अकाउंटबद्दल अगदी अशीच खात्री करून बसलो होतो, ठरलेला वेळ, ठरलेले आकडे, बोलणं नाही. मग एका रात्री त्याने चॅटमध्ये लिहिलं की सॉरी, बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने खेळतोय. म्हणजे तो स्क्रीनवरची तयार बटणं दाबत होता, अर्धा पॉट नि दोन-तृतीयांश पॉट, बस. तेव्हापासून मी घाई करत नाही. आठ टेबलं एकदम खेळणारा माणूस पण पटापट नि न बोलता खेळतो, आणि चेक-फोल्ड (पैसे न लावता पुढे जायचं, नाहीतर पानं टाकायची) आधीच निवडून ठेवलं असेल तर क्षणात उत्तर येतं.

म्हणून वेळ बघायची तर अवघड जागी बघा. साधं फोल्ड सगळेच पटकन करतात. पण रिव्हरला सगळा स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) पणाला लागलाय, हातात मधलीच जोडी आहे, तिथे माणूस अडकतो, टाइम बँक (विचाराला राखून ठेवलेला जादा वेळ) वापरतो. तिथे पण तेच दोन सेकंद, नि उगाच फोल्डला पण तेच दोन सेकंद, आणि हे शेकडो डावांत, तर मग संशयाला जागा आहे. अर्थात बॉट लिहिणारे वेळ मुद्दाम कमीजास्त पण ठेवतात, म्हणून दुसरी गोष्ट मला जास्त पक्की वाटते, हरल्यानंतरचं वागणं. सगळा स्टॅक गेल्यावर पुढच्या वीस डावांत ज्याच्यात काडीचाही फरक पडत नाही, पहिल्या तासाला जसा तसाच चौदाव्या तासाला, झोप नाही, जेवण नाही, तो माणूस असणं कठीण. आणि तीन-चार अकाउंटचे व्हीपीआयपी-पीएफआर हजारो डावांनंतर एकमेकांच्या अगदी जवळ येत असतील नि ती एकाच वेळी चालू-बंद होत असतील तर ताबडतोब कळवा, कारण ती आपापसात पानं पण सांगत असू शकतात आणि ते एकट्या बॉटपेक्षा वाईट.

विचित्र रकमेची बेट लावून बॉट गोंधळतो असं बरेच जण सांगतात. साध्या बॉटच्या बाबतीत चालतं कधीकधी. पण २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस हा पोकर खेळणारा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंसमोर २० दिवसांत १,२०,००० डाव खेळला, तेव्हा त्या चौघांनी हेच केलं, वेगवेगळ्या रकमा लावून भोकं शोधली, तर तो प्रोग्रॅम रात्रीतून तीच भोकं बुजवून सकाळी हजर. शेवटी १७ लाख डॉलरहून जास्त किमतीच्या चिप्सने पुढे होता. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलवर पण व्यावसायिकांना हरवलं, आणि त्याला तयार करायला क्लाउडचा खर्च १५० डॉलरच्या आत आला. तुमच्या टेबलवर तसला बॉट असेल असं नाही, पण नुसत्या युक्तीवर विसंबू नका.

साइटकडे तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते, माउस कसा फिरला, कॉम्प्युटरवर अजून काय चालू होतं, कुठल्या आयपीवरून (इंटरनेटच्या पत्त्यावरून) आलाय. मधेच कॅप्चा, माणूस आहे का ते तपासणारं कोडं, पण टाकतात. तुम्ही डावांचे नंबर, तारखा, वेळा नि दोन ओळी लिहून सपोर्टला पाठवा. चॅटमध्ये बॉट बॉट म्हणून ओरडू नका, खोटं निघालं तर एका माणसाला उगाच लागतं, खरं निघालं तर चालवणारा सावध होतो. आणि उत्तर येईपर्यंत टेबल बदला.

प्रश्न: पुण्यात असतो. आता पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, म्हणून फ्री चिप्सवर खेळतो. असे प्लेयर ओळखायची प्रॅक्टिस तिथे होईल का?

उत्तर: फारशी नाही. फुकटच्या चिप्स असल्या की सगळेच मेनियाक होतात, गेल्या तर उद्या परत मिळतात ना, आणि मोबाइल गेममध्ये रिकामी टेबलं भरायला कंपनीनेच बॉट बसवायची जुनी पद्धत आहे. त्यापेक्षा तीन-चार मित्र जमवा, फक्त पॉइंटवर खेळा नि डावानंतर सगळ्यांनी पानं दाखवायची असं ठरवा. कोण कुठे हटतो हे तिथे जास्त शिकाल.

प्रश्न: भाऊ, मी नाशिकहून लिहितेय. माझ्या मुलाने टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल (अ‍ॅप स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप) टाकून पोकर खेळायला सुरुवात केली, साठ हजार गेले. तो म्हणतो समोर बॉट आहेत, ओळखायला शिकलो की परत मिळवेन.

उत्तर: ताई, त्याला ओळखायला शिकू देऊ नका, आधी ते अ‍ॅप काढायला लावा. बॉट असेल तर निदान त्याला तुमच्या मुलाची पानं दिसत नाहीत. इथे सर्व्हरच कोणाचा ते माहीत नाही, चालवणाऱ्याला सगळ्यांची पानं दिसत असतील तर कितीही हुशार माणूस काय करणार? हे नावाजलेल्या साइटवर पण झालंय. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर एक अकाउंट अशक्य वाटावं इतकं अचूक खेळत होतं, सगळ्यांची पानं दिसत असल्यासारखं, आणि खरंच दिसत होती. खेळाडूंना डावांची फाइल मिळाली म्हणून पकडलं गेलं. टेलिग्रामवाला तुम्हाला कुठली फाइल देणार?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केलाय, पोकर त्यात येतं. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद नि १ कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जेवढं लवकर कराल तेवढे पैसे अडवले जायची शक्यता जास्त. यूपीआयचे व्यवहार, टेलिग्रामचा चॅट, ज्या खात्यात पैसे गेले त्याचे स्क्रीनशॉट अ‍ॅप काढायच्या आधी घेऊन ठेवा. बँकेला कळवा, त्या फोनवरचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, असल्या एपीके ओटीपी पण वाचू शकतात.

आणि पैसे सोडा, "परत मिळवेन" ह्या शब्दाची मला जास्त काळजी वाटते. रागावू नका त्याच्यावर, तो आधीच लाजलेला असेल. आज रात्री जेवताना शेजारी बसा, साठ हजारच आहेत का अजून कोणाकडून उसने घेतलेत ते हळू आवाजात विचारा, नि झोपत नसेल, चिडचिड करत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावून त्याच्या हातात द्या, मराठीत बोलतात तिथे.