आरोग्य प्रश्नोत्तरे: एचडीएल वाढले, म्हणजे पेग लाभला का?

प्रश्न: वय 54. रोज रात्री व्हिस्कीचे दोन लार्ज पेग घेतो, जास्त कधीच नाही. परवाच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 214, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 56, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 280, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 102 आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 103 आले. बेताची दारू हृदयाला चांगली म्हणतात. एचडीएल त्यामुळेच चांगले आहे का? रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन 75 ही गोळी चालू आहे. (नाशिक)

उत्तर: आधी मोजमाप करू. लार्ज पेग 60 मिलीचा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यातून साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. दोन पेगचे झाले 40 ग्रॅम. याला बेताची दारू म्हणता येत नाही.

दारूने एचडीएल थोडे वाढते, हे खरे. पण औषधांनी नुसते एचडीएल वाढवून पाहिले तेव्हा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्यामुळे 56 हा आकडा पाहून निर्धास्त राहू नका. तुमच्या रिपोर्टात मला खटकतो तो 280. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचाच निपटारा करते. चरबी जाळायची राहून जाते, साठते आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात उतरते. सोबत फरसाण नि तळलेला चकणा असला की त्यात भरच. हा आकडा 500 च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

एलडीएल 102 वरही विसंबू नका. बऱ्याच लॅब ते थेट मोजत नाहीत. 214 मधून 56 आणि 280 चा पाचवा भाग, म्हणजे आणखी 56, वजा केले की 102 उरतात. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना हा हिशेब चुकतो. तुम्ही एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा, म्हणजे ‘चांगले’ सोडून बाकीचे सगळे कोलेस्टेरॉल कळेल: 158. हे जास्तच आहे.

एमसीव्ही 100 च्या वर म्हणजे लाल पेशी आकाराने मोठ्या झाल्या आहेत. दारू हे त्याचे नेहमीचे कारण, पण बी-12, फोलेट, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्याही करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-12 नक्कीच.

दारूने रक्त पातळ होते म्हणून ती चांगली, हा समज तर घातकच. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दारू आली की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चार आठवडे दारू पूर्ण थांबवा, मग 12 तास उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी) पुन्हा करा. दारू सोडल्यावर हात थरथरले, घाम सुटला किंवा झोप उडाली तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. एमसीव्ही इतक्यात उतरणार नाही. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, तेव्हा ती तपासणी चार महिन्यांनी करा.

प्रश्न: मग रेड वाइन तरी चालेल का? (पुणे)

उत्तर: हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. द्राक्षाच्या सालीतले जे घटक वाइनमध्ये उतरतात, ते द्राक्षे खाऊनही मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितले आहे की, दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही.